एकच पेला

सूनबाईचं वागणं सासूला खटकत होतं. पाचवा महिना लागलेला. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पडला तरी ही ढुंकून बघायची नाही. पण शनिवारी नवऱ्यासोबत बसून उठली, की स्वतःचा एकच पेला तेवढा लगेच घासून पालथा घालायची.

आज सासूने तो वाटेतच तिच्या हातातून घेऊन नाकाशी धरला. वाइन!

"आई, कधीतरी घोटभर चालते. माझ्या मैत्रिणीने घेतली होती, तिचं बाळ चांगलं गुटगुटीत आहे."

"डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"

सून पेला परत घ्यायला पुढे सरकली.

सासूने पेल्याच्या तळाशी उरलेली वाइन सिंकमध्ये ओतली. "चालते, तर पेला घासायची एवढी घाई कशाला गं? तुझं तुलाच पटलेलं नाही, बयो. बाळ होईपर्यंत थेंबही नाही. आणि माझ्या त्या दिवट्यालाही सांग, तोही पाणीच पिईल."