मागच्या सीटचा विमा

तेओफिलोने हेल्मेट काढून खुर्चीखाली सरकवलं आणि विम्याचं पत्रक हातभर लांब धरलं. तरीही अक्षरं जुळेनात. थांब्यावरच्या बदामाच्या झाडाखाली विमा कंपनीच्या योकास्ताने प्लास्टिकचं टेबल मांडलं होतं. भाडं घेऊन मोटरसायकलवर माणसं पोहोचवणाऱ्यांचा, बानी गावातला हा तिचा सकाळपासूनचा तिसरा थांबा, आणि तिचा घसा पार बसला होता.

"काका, पुन्हा सांगते. कायद्याचा विमा घ्यावाच लागतो. त्यात तुम्ही ज्याला धडकाल त्याचं भागतं, गाडीवरच्यांना छदाम मिळत नाही. प्रश्न आहे तो त्यावर घ्यायच्या जादा विम्याचा."

"त्यात काय काय आलं?"

"घरगुती वापराचा घ्या. तुम्ही पडा नाहीतर मागचा पडो, दोघांचा दवाखाना कंपनी करते. मागचा माणूस फक्त फुकट बसलेला हवा. भाड्याचा घेतलात तर पैसे देऊन बसलेल्याचंही होतं, पण फक्त मागच्याचं, आणि हप्ता मोठा. त्यात तुमचा स्वतःचा दवाखाना जोडायचा तर..."

पुढचा आकडा तिने तोंडाने न सांगता कागदावर लिहिला आणि कागद त्याच्याकडे वळवला. तेओफिलोने एकदा पाहून तो पालथा घातला.

"घरगुती लिही गं पोरी!" आपल्या गाडीवर पाय पसरून तळलेली केळी खाणारा सिरिलो ओरडला. "इथं सगळंच घरगुती. माझ्या मागे रोज वीस भावंडं बसतात!"

सगळे हसले. योकास्ताही दमलेलं हसली. थांब्यावरची रीतच होती ती. गाडी पडली की मागचा माणूस लगेच चुलतभाऊ व्हायचा, बाई असली तर वहिनी. भाड्याचं नाव कुणी काढायचं नाही.

एकट्या फ्रेदेस्विंदाबाईंनी काढलं होतं. गावच्या शाळेत अर्ध्या थांब्याला अक्षरं गिरवायला लावणाऱ्या या बाई. गेल्या वर्षी रस्त्यावर सांडलेल्या तेलावरून तेओफिलोची गाडी घसरली. त्याचं खरचटण्यावर निभावलं, मागे बसलेल्या बाईंचा खुबा मोडला. तेओफिलोचा विमा तेव्हा घरगुती होता. कंपनीचा माणूस इस्पितळात आला तो भला होता. खाटेवर वाकून त्याने हळूच विचारलं, "बाई, फुकटच बसला होतात ना?"

"मी काय भिकारी आहे?" बाई ताडकन म्हणाल्या. "मी कुणाच्याही गाडीवर फुकट बसत नाही."

झालं. कंपनीने हात वर केले. बाईंनी आईची सोन्याची साखळी विकून शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल एका शब्दानेही तेओफिलोला बोलल्या नाहीत. त्याला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. लाज त्याहून जास्त वाटली होती. तेव्हापासून रोज त्यांना व्यायामाच्या दवाखान्यात सोडताना तो भाडं घेत नसे. बाई बसताना त्याच्या जाकिटाच्या खिशात पैसे कोंबायच्या, उतरल्यावर तो ते त्यांच्या पिशवीत टाकायचा. दोघांनाही या भांडणाचा कंटाळा आला होता, पण थांबवायचं कुणी?

"मग घरगुतीच ना, काका?" योकास्ताने पेनाचं टोपण काढलं. "तुमच्या त्या बाईंना तेवढं पढवून ठेवा. एक शब्द तर बोलायचाय."

"त्यांनीच मला बोलायला शिकवलंय, पोरी. मी काय पढवणार?"

तो गुडघा चोळत राहिला. निघताना बायकोने बजावलं होतं, आधी स्वतःचं बघा, तुम्ही अंथरूण धरलंत तर घर कोण चालवणार? तिचं काही चुकत नव्हतं. हल्ली संध्याकाळी गाडी स्टँडवर चढवतानाही त्याची कंबर धरायची.

"भाड्याचा लिही," तो म्हणाला. "मागच्या सीटपुरता. माझा नको."

"आणि तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"माझं काय? मी माझ्या गाडीवर फुकटच बसतो."

या वेळी सिरिलो हसला नाही. योकास्ताने कागद पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

तेओफिलोने सही केली, तेवढ्यात काठी टेकत बाई आल्याच.

"चल रे तेओफिलो, उशीर झाला! वाचायचा कंटाळा तुला शाळेपासूनच, आज काय घेऊन बसलास?"

तो लगबगीने उठला. बाईंना आधार देऊन मागे बसवलं आणि स्वतः पुढे बसला. नेहमीसारखी एक नोट त्याच्या खिशात कोंबली गेली. तेओफिलोने खिशाचं बटण लावून टाकलं.

"घेतलेस?" बाईंना खरं वाटेना.

"भाडं आहे ना बाई. घेणारच."

बाईंनी मागून हात पुढे केला.

"मग वरचे परत दे. तू घेत नाहीस म्हणून मी मोठी नोट टाकत होते."

त्याला हसू आवरेना. त्याने बटण काढलं, सुट्टे पैसे शोधून मागे त्यांच्या हातावर ठेवले आणि किक मारली. गाडी हलणार एवढ्यात मागून कुणीतरी धावत आलं. योकास्ता होती, खुर्चीखाली राहिलेलं त्याचं हेल्मेट घेऊन.

"काका," बसक्या आवाजात ती म्हणाली, "निदान हे तरी घाला."