दीड गोळी आणि दोन भाऊ

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाला दिलेला चार ओळींचा हुकूम. मित्रांनो, उगाच माना डोलावू नका. तुम्हाला काडीचं कळलेलं नाही, ठाऊक आहे मला.

मला दोन भावांनी मिळून लिहिलं. तेव्हा ते एकमेकांशी बोलायचे. दादाचा प्रोग्राम नाट्यगृहाची तिकिटं छापतो. धाकट्याचा प्रोग्राम पडद्यावरचं मोठ्यानं वाचतो. त्यांच्या आईला दिसत नाही, तिच्यासाठीच केलेला. दोन्ही ओपन सोर्स. कोड उघडा, कुणीही बघा, कुणीही घ्या. आकडे शब्दांत बदलायचा कोड दोघांनाही लागायचा. तो दादाकडे राहायचा. मी रोज सकाळी त्याची नक्कल धाकट्याकडे न्यायची, तिथली जुनी पुसायची, नवी ठेवायची. काय कौतुक व्हायचं माझं! "पोरगी गुणाची आहे हो!" मग भाऊ भांडले आणि मला विसरले. मी मात्र राबतेच आहे, मुकाट.

एकदा डॉक्टरनं आईला औषध मेलवर कळवलं. गोळ्या १.५. आता दादाच्या कोडला टिंब कळत नाही. नाट्यगृहात दीड खुर्ची कोण मागतो? आईचं वाचणारं मशीन म्हणालं, "पंधरा गोळ्या."

"पंधरा?" आई ओरडली. "बरं करायचंय की पोचवायचंय मला?"

धाकट्यानं कोड दुरुस्त केला, पण फक्त आपल्याकडचा. सकाळी मी दादाची नक्कल आणली आणि दुरुस्ती साफ पुसली. पुन्हा पंधरा! त्यानं पुन्हा केली, मी पुन्हा पुसली.

शेवटी लॅपटॉप घेऊन दोघं आईच्या खोलीत समोरासमोर.

"मुद्दाम पुसतोस माझं काम!" धाकटा.

"दुरुस्ती पाठवायची असते, शहाण्या!" दादा.

"तुझ्या दारात? नाक घासायला?"

रागाच्या भरात धाकट्यानं दुरुस्ती तिसऱ्यांदा केली आणि माझी उलटी बहीण लिहिली, त्याचा कोड दादाकडे नेणारी. दादालाही मी आठवले, त्यानं त्याच क्षणी मला कामाला लावलं. आम्ही दोघी वाटेत एकमेकींना ओलांडून गेलो. झालं! याचा कोड त्याच्याकडे, त्याचा याच्याकडे.

दादानं धाकट्याची फाइल उघडली. "हा कोड आहे की उकिरडा?" स्वतःचाच होता.

धाकट्यानं दादाची उघडली. "ही बघ चोरी! टिंब घुसवलंय, तेही किती बावळटासारखं!" तेही स्वतःचंच.

"पंधरा गोळ्या," मशीन मध्येच बोललं.

आईनं मशीनची वायर चाचपली आणि उपटली.

"धाकट्या, दादाला एकदा तरी विचारलंस?"

"नाही."

"आणि थोरल्या, तू?"

"मी कशाला विचारू?"

"ठीक. आजपासून डॉक्टर कागदावर लिहून देईल, शेजारीण वाचेल. तुमचं चालू द्या."

वायर अजून जमिनीवर पडलीय. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं: चूक माझी!

म्हणून मित्रांनो, मला जपू नका, माझी कीव तर मुळीच करू नका. फक्त मला कामाला लावण्याआधी पलीकडच्या माणसाला एक फोन करा. कोड उघडे ठेवलेत आणि तोंडांना कुलपं लावलीत, मेल्यांनो!