आंधळ्या मेगच्या अलीकडे

“आपलाच गळा लावा ना, मिस,” डॅरेल कीपिंग म्हणाला. “वर धुकं घाला, ओहोटी घाला. बघू तरी कोण पार होतंय.”

बोलला तो मिसशी, पण नजर ऑड्रीवर होती.

जुन्या मासळी कारखान्याच्या माडीवर दर शनिवारी विनी मिसचा वर्ग भरे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मालबोटी हाकण्यात मिसची उमेदीची वर्षं गेली होती. गुडघे गेले तेव्हा कुठे त्या जमिनीवर आल्या. हिवाळाभर मुलांनी संगणकावर आपापली जहाजं घडवली होती. बूड किती रुंद, वजन कुठे, इंजिन केवढं. डॅरेलच्या पहिल्या जहाजाला एकावर एक मजले होते; धक्क्यापासून सुटताच ते आडवं झालं. “छान,” मिस म्हणाल्या होत्या, “फक्त यात माणसं बसवू नकोस.” ऑड्रीचं जहाज दिसायला बेढब, बसक्या बदकासारखं, पण कसल्याही लाटेत कलंडत नसे. आता शेवटची परीक्षा होती. आपण घडवलेलं जहाज आपणच पडद्यावरच्या बंदरात आणायचं.

गळा म्हणजे त्यांच्याच गावच्या बंदरात शिरायची चिंचोळी वाट. तिच्या मधोमध, पाण्याखाली, आंधळी मेग नावाचा खडक. तीन वर्षांपूर्वी धुक्यात, भर ओहोटीत, ऑड्रीच्या बाबांनी, गस रिडाउटनी, गावची फेरीबोट याच मेगवर घातली होती. उतारू सगळे वाचले. बोटीच्या पुढच्या टोकाला पहाऱ्यावर उभा असलेला लॉइड कीपिंग तेवढा पाण्यात फेकला गेला. तो सापडला दुसऱ्या दिवशी. लॉइड हा डॅरेलचा काका.

“नाही,” मिस म्हणाल्या. “दुसरं बंदर लावते.”

“गळाच लावा, मिस,” ऑड्री म्हणाली.

“पोरी, काही गरज नाहीये.”

“लावा.”

तिला तो हवाच होता. त्या दिवशी साक्षात देव सुकाणूवर असता तरी बोट आपटलीच असती, असं आई दुकानात, चर्चमध्ये, भेटेल त्याला सांगत असे. चौकशीतही धुकं आणि पाण्याची ओढ यांनाच दोष दिला गेला होता. बाबा तेवढे कधी काही बोलले नव्हते. बोटी सोडून ते शेडमध्ये लोकांची इंजिनं दुरुस्त करत बसत. अशा वेळी गळ्यातून कुणीच पार होत नाही, हे आज सगळ्यांनी डोळ्यांनी बघावं, असं ऑड्रीला वाटलं. आणि त्यातही डॅरेलनं.

पहिला तोच गेला. “हळू गेलं की ओढ खेचून नेते,” असं म्हणत तो पूर्ण वेगानं घुसला. पडदा हादरला, लाल झाला. मेग.

नेटी पार्डी शहाणपणानं हळू गेली. ओढीनं तिचं जहाज अलगद बाजूला सरकवलं आणि तिथेच नेऊन टेकवलं. मेग. तिच्यामागून गेलेले दोघंही तसेच फसले. पडदा लाल झाला की दर वेळी ऑड्रीच्या छातीतली एकेक गाठ सुटत होती. याची तिला लाज वाटत होती, पण सुटत होती खरी.

“आता ऑड्री. पहाऱ्यावर नेटी बसेल,” मिस घाईनं म्हणाल्या.

“पहाऱ्याची पाळी माझी आहे,” डॅरेल म्हणाला. त्यानं कानांवर हेडफोन चढवला आणि पुढच्या छोट्या पडद्यासमोर जाऊन बसला.

ऑड्रीनं सुकाणू धरलं. तिचं ठरलं होतं. तीही आपटणार होती. सगळीच आपटली, की मग कुणाला तोंड उघडायला जागा राहणार नव्हती.

धुकं दाट झालं. दोन्ही बाजूंचे कडे दिसेनासे झाले. खालची ओढ सुकाणूतून तळहातांना जाणवत होती. कुणी चादरीचं टोक ओढावं तशी. तिनं वेग कमी केला नाही.

“समोर काही नाही,” डॅरेलचा सपाट आवाज कानात आला. “समोर काही नाही.”

ती पुढे चालली.

“उजवीकडे पाणी पांढरं दिसतंय.” मग जरा थांबून, “ऑड्री, पांढरं आहे पाणी.”

तिनं दात आवळले. आता थोडंच राहिलं होतं.

“ऑड्री, थांब ना!” आवाज फुटला. त्यात टोमणा नव्हता, खुन्नस नव्हती. एखादं पोर खरोखर पुढच्या टोकाला उभं राहून ओरडावं तसा तो आवाज होता. “थांब! थांब!”

तिच्या हातानं वेगाचा दांडा पार मागे खेचला. इंजिन उलटं फिरलं. बदकासारखं ते बसकं जहाज थरथरत, नाक हलवत मागे सरलं, आणि गळ्याच्या तोंडातून इंचाइंचानं बाहेर आलं. मग पुढे काय करायचं ते तिला कळेना. तिनं नांगराचं बटण दाबलं.

“असं चालतं?” नेटीनं विचारलं.

“न चालायला काय झालं? नांगर काय शोभेला असतो?” मिस म्हणाल्या.

त्यांनी संगणकाचं घड्याळ भराभर पुढे पळवलं. ओहोटी संपली. गळ्यातलं पाणी ताटलीसारखं सपाट झालं. ऑड्रीनं नांगर उचलला आणि मेगला डावीकडे ठेवून ती सरळ धक्क्याला लागली. कुणी टाळी वाजवली नाही.

डॅरेलनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे थांबता येत होतं,” तो म्हणाला. ओरडून नाही. मग जाकीट उचललं आणि निघून गेला.

बाबा शेडमध्ये बर्फगाडीचं इंजिन उघडून बसले होते. ऑड्रीनं त्यांना सगळं सांगितलं. मुद्दाम आपटायचं ठरवलं होतं, तेही.

बाबांनी एवढंच विचारलं, “नांगर कुठे टाकलास?”

“बाहेरच. मेगच्या अलीकडे.”

“तळ चांगला आहे तिथला. नांगर धरतो.” ते फडक्याला हात पुसू लागले.

“बाबा, थांबता येतं हे तुम्हाला माहीत होतं?”

“लॉइड म्हणाला होता. पुढून ओरडून विचारलं त्यानं, ‘गस, थांबूया का जरा?’ मी म्हटलं, रिडाउट माणूस स्वतःच्या दारात नांगर टाकत नसतो. तो हसला. मग आम्ही आत शिरलो.”

“हे चौकशीत सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.”

“आणि आई जगभर सांगत फिरते की—”

“मी तिला फिरू दिलं.”

ऑड्रीला ओरडावंसं वाटलं. समोरचं इंजिन लाथेनं उडवावं, असं वाटलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं. “डॅरेल रडवेला झाला होता, बाबा. खरंच घाबरला होता तो.”

बाबा उठले. खुंटीवरची टोपी घेतली. “एफी घरी असेल का आत्ता?”

एफी कीपिंग म्हणजे लॉइडची आई, डॅरेलची आजी.

“शनिवारच्या दुपारी कुठे जाणार त्या?” ऑड्री म्हणाली आणि न विचारताच त्यांच्यामागून चालू लागली.

डॅरेल पायरीवरच होता. त्यांना येताना पाहून तो उठला, दार अडवून उभा राहिला. “काय पाहिजे?”

“आजीशी बोलायचंय.”

“काय बोलायचंय?”

“लॉइड शेवटचं काय म्हणाला, ते सांगायचंय.”

दार आतूनच उघडलं. म्हातारी बहुधा मागेच उभी होती. “तीन वर्षं माझ्या दारावरून मान खाली घालून जातोयस, गस.”

“हो.”

“ये. बूट काढ, लादी आत्ताच पुसलीय.”

दार लागलं. मुलं बाहेर राहिली. आतून बाबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग टेबलावर हात आपटल्याचा आवाज झाला आणि म्हातारी किंचाळली, “हसला? माझा पोर हसला, आणि तू आत घातलीस बोट?” ऑड्रीला वाटलं आत जावं. पण ती पायरीवरच थांबली.

“तू मुद्दाम आपटणार होतीस ना?” डॅरेल तिच्याकडे न बघता म्हणाला. “वेगच कमी करत नव्हतीस.”

“हो.”

“मग थांबलीस कशाला?”

“तू म्हणालास म्हणून.”

तो टाचेनं पायरीवरचा बर्फ खरवडत राहिला.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “चल,” म्हणाले. अर्ध्या वाटेवर ऑड्रीनं विचारलं.

“माफ केलं का त्यांनी?”

“नाही गं.” चार पावलं गेल्यावर म्हणाले, “उद्या चर्च सुटल्यावर परत ये म्हणाली. पहिल्यापासून सांग म्हणाली. लॉइड त्या दिवशी काय काय बोलला, काय खाल्लं, सगळं.”

“जाणार?”

“जाणार. पण आधी तुझ्या आईला सांगू दे.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत आई दिसत होती. कणकेचे गोळे थापून ती तव्यावर सोडत होती. डुकराच्या चरबीचा वास फाटकापर्यंत आला होता. ऑड्री सवयीनं पुढे झाली. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे घेतलं, आणि ते आधी आत गेले.