धारेची वेळ

"आधी छाती, मग म्हैस! डॉक्टर काय म्हणाला ते विसरलीस?" थोरला मुलगा दारात आडवा उभा राहिला.

"डॉक्टरच्या गोठ्यात म्हैस आहे का रे?" फौजदारीण म्हणाली. "असती तर त्याची चिठ्ठी जरा आखूड झाली असती."

फौजदारीण हे काही तिचं नाव नव्हे, तोंडाच्या जोरावर गावाने दिलेला हुद्दा. पण दोन वर्षांपासून त्या हुद्द्यालाच धाप लागत होती. एक शिवी पुरी करायला मध्ये दोनदा थांबावं लागायचं, आणि अर्ध्या शिवीला कोण भितं?

छातीतल्या नळ्या सैल पडल्या होत्या. त्यात बेडका साचायचा. विहिरीचा गाळ उपसतात तसा तो उपसायचा. पण विहीर एकदा उपसली की दोन-चार वर्षं बघायला नको, इथे सकाळी उपसावं तर संध्याकाळी काठोकाठ. उजाडायच्या आत उठून आधी तोंडाने औषधाचा पंप ओढायचा. मग पाव तास नुसतं भिंतीकडे बघत बसायचं. मग वाफेचं मशीन. मग खाटेचा पायथा विटांवर चढवून डोकं खाली करून पडायचं आणि सुनेने पाठ थापटायची, या कुशीवर, त्या कुशीवर. खोकायचं, थुंकायचं, दम घ्यायचा, पुन्हा खोकायचं. शेवटी मास्क, वाटी, नळी उकळून वाळत घालायची. सकाळचे दोन तास, संध्याकाळचे दोन तास, आणि महिन्यातला एक अख्खा दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर.

"बाळंतिणीचंसुद्धा एवढं करत नाहीत," ती म्हणायची. "आणि तिच्या पदरात निदान मूल तरी पडतं."

दूधगाडी सातच्या ठोक्याला यायची. गाडीवाला सख्ख्या भावासाठीही थांबायचा नाही. आणि म्हैस अशी द्वाड, की रेडकू दगावल्यापासून दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हाच सोडायची नाही. फौजदारीण जाऊन बसायची, तिच्या पोटाला डोकं टेकायची, खोकत खोकत सडांना हात लावायची, तेव्हा बादली वाजायची. त्यापायी मशीन कधी अर्धंच व्हायचं, थापट्या कधी राहूनच जायच्या. सहा महिन्यांत दोनदा ताप छातीत उतरला, दोनदा दवाखान्याची खाट. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने गोठाच बंद केला. भुसा आणि धूळ म्हणजे तिला विष, म्हणाला.

"मग काय, विकायचीच," थोरला आता म्हणत होता. "रविवारी व्यापारी बघायला येतोय. तोवर म्हशीने तुझ्या सुनेच्या हाताला दूध दिलं तर राहील, नाहीतर दावं सोडतो."

"मला न विचारता?"

"तुझ्याच जिवासाठी ना, आई!"

या घरात ती सून म्हणून आली ती धार काढणाऱ्या हाताच्या जोरावर. नवरा गेला, पोरं वाढली, सगळं त्या कासेखाली बसून. तिने तोंड उघडलं, पण खोकलाच आला.

तीन दिवस उरले होते. पहिल्या दिवशी म्हशीने सुनेची बादली लाथेने उडवली. दुसऱ्या दिवशी सून सासूची शाल पांघरून गेली. घर आणि गोठा यांच्या मधल्या भिंतीत एक गजाची खिडकी होती, तिच्यातून दोघींचं चाललं.

"आई, ही वळून बघतेय हो माझ्याकडे!"

"मान खाली घाल. आणि बडबडू नकोस, मी धार काढताना बोलते का?"

"तुम्ही? गप्प?"

"म्हशीजवळ असते. ती उलट बोलत नाही."

शाल हुंगून म्हशीने तोंड फिरवलं.

शनिवारी मशीन संपवून फौजदारीण डोकं खाली करून पडल्या पडल्या नुसती छत बघत होती. उबळ आली, आणि ती खोकत सुटली. तेवढ्यात भिंतीपलीकडे बादलीत धार वाजली. एक, मग दुसरी, मग झड लागल्यासारखी.

"सोडला! आई, पान्हा सोडला! खोका, थांबू नका!"

म्हैस राहिली. व्यापारी आल्या पावली परत गेला. फौजदारिणीची खाट खिडकीखाली सरकली, आणि पंप, वाफ, थापट्या असं सगळं अलीकडे ओढून खोकला बरोबर सव्वासहाला बसवला गेला. अख्खं गाव हसलं. तीही हसायची, पण आत कुठेतरी सलायचं. जन्मभर हाताला गुण आहे म्हणून मिरवली, आणि या मेलीला हवा होता नुसता खोकला!

मग डॉक्टरने औषध बदललं. महिनाभराने एका पहाटे ती उठली तर छातीत घरघर नाही. श्वास घेतला, तो तळाला जाऊन पोचला. पुन्हा घेतला, पुन्हा पोचला. किती वर्षांनी! कुणाला सांगावं म्हणून ती नुसतीच पडून राहिली, डोळे मिटून, एकेक श्वास चाखत.

"आई, बसले मी. खोका."

ती खोकली. कोरडा, वरवरचा. म्हशीने कान हलवले, एवढंच. असं करता करता पावणेसात वाजून गेले.

"अहो, नीट खोका ना!"

"येत नाहीये गं. आज काहीच येत नाहीये."

"गाडी वळणावर आली, आई!" थोरला अंगणातून ओरडला. "खोक की! एरवी घर डोक्यावर घेतेस!"

तिने मशीनकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. पलीकडे थोरल्याने नुकताच भुसा ओतला होता, उजेडाच्या पट्ट्यात त्याची धूळ तरंगत होती. ती उठली, दोन्ही हातांनी गज धरले, तोंड गजांना लावलं आणि त्या मोकळ्या झालेल्या छातीत मावेल तेवढा श्वास धुळीसकट आत घेतला.

खोकला तळापासून उठला. पलीकडे धारा लागल्या. एकीला दुसरी भिडली, बादली भरत आली, बाहेर गाडीचा भोंगा वाजला, तरी ती खोकतच होती.

"झालं, आई! पुरे आता, थांबा!"

फौजदारिणीने गजातून हात बाहेर काढला. ऐकलंय, थांबणं आता माझ्या हातात नाही, ये इकडे, असं काहीसं तिला सांगायचं होतं. हात हवेत नुसताच हलत राहिला.

सुनेला वाटलं, अजून काढ म्हणतेय. तिने दुसरी बादली ओढली आणि पुन्हा बसली.