दीड पानाचं विधेयक

नीरजाने तीन वर्षं खपून तयार केलेलं विधेयक दोनशे बारा पानांचं होतं. सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका अपक्ष खासदाराच्या ऑफिसात ती आरोग्यविम्याचं काम पाहायची. पुण्याहून येऊन तिला बारा वर्षं झाली होती. केलीव्हिलच्या घरातलं जेवणाचं टेबल त्या तीन वर्षांत तिच्या कागदांनी इतकं भरलं होतं, की नचिकेत, तिचा नवरा, ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला शिकला होता.

विम्याचा लाभ मिळण्याआधी कंपन्यांनी लोकांना किती महिने थांबवायचं, परदेशी व्हिसावर आलेल्यांना काय कव्हर द्यायचं, तक्रारीला किती दिवसांत उत्तर द्यायचं, सगळं त्या विधेयकात होतं. कॅनबेराला ते मांडलं गेलं आणि तिथेच पडून राहिलं. कोणी विरोध केला नाही, बाजूनेही कोणी बोललं नाही. खासगी विधेयकांसाठी राखलेले ठरावीक सोमवार उलटले आणि नियमाप्रमाणे ते कामकाजाच्या यादीतून आपोआप गळालं. नीरजाला ते एका ओळीच्या ईमेलने कळलं. मतदानात हरलो असतो तरी चाललं असतं, ती नचिकेतला म्हणाली. हे तर कोणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

तिची खासदार ॲशली पूर्वी घरोघर जाऊन रुग्ण पाहणारी नर्स होती. हळहळत बसायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने नीरजाला चहाला नेलं आणि सांगितलं, की आता त्या गठ्ठ्याची छोटी छोटी विधेयकं करायची. एका विधेयकात एकच गोष्ट, पान-दीड पानात संपणारी. नीरजाने तासभर वाद घातला. एक कलम दुसऱ्यावर उभं आहे, मधलं काढलं तर बाकीचं लुळं पडेल, हे तिने कागदावर काढून दाखवलं. ॲशलीने सगळं ऐकून घेतलं.

"खरं आहे तुझं," ती म्हणाली. "पण दोनशे पानांना कोणी हो म्हणत नाही. आणि प्रत्येक विधेयकासोबत मला एक माणूस हवाय. ते ज्याच्यासाठी आहे, तो माणूस."

आठवडाभर नीरजा घुश्शात होती. मग तिने ऑफिसात आलेल्या पत्रांचं खोकं काढलं आणि माणसं शोधायला बसली.

त्यात जर्ट्रूड आंटींचं पत्र होतं. निळ्या शाईतलं, वळणदार अक्षर. एका डेंटिस्टकडे बावीस वर्षं रिसेप्शनवर बसल्याची ती सवय असावी. नीरजाने फोन केला तर पलीकडून थेट मराठीत आवाज आला, "आडनावावरून ओळखलं मी तुला बाय. ये की घरी."

आंटी आणि पायस अंकल वसईजवळच्या नंदाखालचे. तीस वर्षांपूर्वी इथे आले. अंकलनी रेल्वेत सिग्नलची कामं केली आणि दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात ते गायले. गेल्या मार्चमध्ये त्यांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. कळत सगळं होतं. शब्द तेवढा तोंडातून निघत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, पहिले सहा महिने सोन्याचे, जितकी थेरपी होईल तितकी करून घ्या. पॉलिसीत किती आठवडे बसतात ते विचारायला आंटींनी विमा कंपनीला फोन लावला. पॉलिसी अंकलच्या नावावर होती. कंपनी म्हणाली, ज्यांची पॉलिसी आहे त्यांनाच फोनवर द्या, त्यांनी तुम्हाला परवानगी दिली की आम्ही तुमच्याशी बोलू. आंटींनी सांगितलं, त्यांना बोलता येत नाही, म्हणूनच तर मी फोन केलाय. नऊ वेळा फोन केला, नऊ वेळा हेच. डॉक्टरचं पत्र चालेना. मुखत्यारपत्र करायचं कधी सुचलंच नव्हतं, आणि अंकलच्या वतीने बोलायचा अधिकार देणाऱ्या ट्रिब्युनलची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

स्पीच थेरपिस्टने आंटींना एक गोष्ट सांगितली होती. बोलणं गेलं तरी गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. ते खरंच होतं. स्वतःचं नाव न सांगता येणारे अंकल रोझरीची प्रार्थना मात्र सगळ्यांबरोबर एक शब्द न चुकता म्हणत. म्हणून आंटींनी त्यांचं नाव आणि जन्मतारीख नंदाखालच्या लग्नगाण्याच्या चालीवर बसवली. कंपनीची माणसं इंग्रजीत विचारणार, म्हणून शब्द इंग्रजी, चाल गावची. पाच आठवडे रोज सकाळी दोघं स्वयंपाकघरात बसून ते म्हणत होते.

"मग लावला फोन," आंटी म्हणाल्या. "पलीकडे एक पोरगी होती. तिने नाव विचारलं, पायसने गाऊन सांगितलं. तारीख विचारली, तीही सांगितली. मला वाटलं, जिंकलो. तर ती म्हणते, पत्ता सांगा."

आंटींनी अंकलकडे पाहिलं.

"पत्ता आम्ही बसवलाच नव्हता. त्याने पुन्हा तारीख म्हटली. मग पुन्हा नाव. पोरीला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. तिने नम्रपणे सांगितलं, की मी हा फोन बंद करतेय. तिचं काय चुकलं?"

अंकल समोरच बसले होते. आपल्याबद्दल काय चाललंय ते त्यांना समजत होतं. त्यांनी डाव्या हाताने बिस्किटांची बशी नीरजाच्या दिशेला सरकवली आणि ती एक उचलेपर्यंत हात बशीवरून काढला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर नीरजाने एका बैठकीत दीड पान लिहून काढलं. आजारपणामुळे पॉलिसीधारकाला बोलता येत नसेल, तर डॉक्टरच्या पत्रावर त्याच पॉलिसीतल्या जोडीदाराला त्याच्या वतीने बोलता येईल. एवढंच. मग तिने जुनं विधेयक चाळलं. हीच तरतूद त्यात एकशे एकाहत्तराव्या पानावर होती, एका परिशिष्टाच्या पोटकलमात. ती तिने स्वतःच लिहिली होती, आणि लिहिल्याचं तिला आठवतसुद्धा नव्हतं.

अशी सात विधेयकं झाली, सात माणसांची. त्यातलं एक हॅरिस पार्कच्या सिद्धार्थ आणि रुचाचं. दोघं तात्पुरत्या व्हिसावर होते. बाळाला कव्हर हवं तर जन्माच्या दोन महिने आधी दोघांची पॉलिसी कुटुंबाची करून घ्यायची, असा त्यांच्या कंपनीचा नियम. ते ती करून घेणारच होते, पण मुलगी नऊ आठवडे लवकर आली. काचेच्या पेटीत ती श्वास घ्यायला शिकत होती तेव्हा कंपनीने कळवलं, की हे बाळ आमच्या पॉलिसीत नाही. खर्च भागवायला रुचा दीड महिन्यात कामावर परतली. मुलीला ती दुपारी, लंच ब्रेकमध्ये भेटायला जाई. नीरजाला सगळ्यांत जास्त हे विधेयक व्हावंसं वाटत होतं.

नोव्हेंबरात आरोग्यमंत्र्यांच्या ऑफिसातून ॲशलीला निरोप आला. सातांपैकी एक आम्ही उचलू, पण आमचं सरकारी विधेयक म्हणून. आणि तेही ज्याला कोणाचा पैसा लागत नाही, असंच. ॲशलीने नीरजाला बोलावून विचारलं, तुला कोणतं द्यावंसं वाटतं.

"बाळांचं," नीरजा म्हणाली.

"मलाही. पण ते मागितलं तर एकही मिळणार नाही."

पायस अंकलचं विधेयक दिलं गेलं. आंटींना कळवणं सोपं होतं. सिद्धार्थला फोनवर सांगावं असं नीरजाच्या मनात आलं होतं, पण ते तिला बरं वाटेना. ती शनिवारी हॅरिस पार्कला गेली. मिठाईच्या दुकानांवरून चालत, दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटवर. सिद्धार्थने चहा टाकला. मुलगी, निहारिका, गुटगुटीत झाली होती आणि रुचाच्या कडेवरून नीरजाच्या चष्म्याकडे झेपावत होती. नीरजाने आडपडदा न ठेवता सांगितलं. सिद्धार्थ लगेच नो वरीज म्हणाला. रुचा तसं म्हणाली नाही.

"तुमच्या पहिल्या मोठ्या विधेयकात ते आजोबा होते आणि आम्हीही होतो ना?"

"होतात."

"मग ते तोडलं कशाला?"

"ते एकत्र होतं तोवर कोणालाच काही मिळत नव्हतं."

हेच उत्तर ॲशलीने दिलं होतं तेव्हा नीरजाला ते पटलं नव्हतं. आज स्वतःच्या तोंडून ते आणखीच तोकडं वाटलं. रुचाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चहा थंड होतोय म्हणाली. ती काही वाईट बोलली नाही. नीरजाला ते अधिक लागलं.

मार्चमध्ये सरकारी विधेयकाला शेवटच्या मतदानाची तारीख मिळाली. मधल्या काळात ट्रिब्युनलचा कागद आंटींना मिळून गेला होता. थेरपी सुरू झाली होती, पण सोन्याचे सहा महिने उलटून गेल्यावर. आता या कायद्याचा त्यांना स्वतःला उपयोग नव्हता. तरी यायचं असं त्यांनी ठरवलं. नीरजा दोघांना घेऊन पहाटे गाडीने निघाली. आंटींनी अंकलना लग्नाकार्याचा कोट घातला होता.

प्रेक्षकांच्या गॅलरीत पंधरा-वीस जण होते, त्यातली निम्मी एका शाळेची मुलं. मंत्री उठले, चार मिनिटं बोलले. अपक्ष खासदाराचा उल्लेख नव्हता, नंदाखालच्या माणसाचा तर नव्हताच. खाली आपल्या जागेवर ॲशली मान डोलावत बसली होती, जणू ही कल्पना ती पहिल्यांदाच ऐकतेय. तेवढ्यात अंकल चुळबुळ करू लागले. त्यांना बाथरूमला जायचं होतं, आणि थांबून चालण्यासारखं नव्हतं. आंटींनी त्यांना उठवलं, काठी दिली, आणि दोघं एकेक पायरी चढत बाहेर गेली. नीरजा आंटींची पर्स आणि अंकलनी काढून ठेवलेला कोट सांभाळत बसली. सभापतींनी सांगितलं, बाजूने असणाऱ्यांनी हो म्हणावं. हो असा एक आळसावलेला आवाज उठला. विरोधात कोणी नव्हतं. झालं.

दोघं परत आली तेव्हा खाली कोळशाच्या खाणीवर चर्चा सुरू होती. नीरजाने हळूच सांगितलं, झालं पास.

"आम्ही नसताना?" आंटी म्हणाल्या, आणि तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. अंकलनी डाव्या हाताने त्यांचा गुडघा थोपटला आणि खाणीवरचं भाषण मन लावून ऐकू लागले.

परतीच्या वाटेवर गुलबर्नला चहासाठी थांबले तेव्हा आंटींनी बाकीच्या सहांबद्दल विचारलं. नीरजाने रुचाचं सांगितलं. ती रागावलीय हेही लपवलं नाही.

"मला ने तिच्याकडे."

"कशाला, आंटी? तिला तुमचं झालेलं पाहून उलट वाईट वाटेल."

"वाटू दे. मी काय तिची समजूत घालायला जात नाहीये."

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तिघं हॅरिस पार्कला गेली. आंटींनी सकाळी तळलेले फुगे डब्यात भरून आणले होते, आंबवलेल्या पिठाचे गोडसर गोळे, अजून कोमट. रुचाने दार उघडलं आणि अंकलची काठी पाहून आधी खुर्ची ओढली. बराच वेळ मुलीचं खाणं, दात, झोप असंच बोलणं चाललं. मग रुचा स्वतःहून म्हणाली, की आमचं तर होऊन गेलंय, आता कायदा झाला काय आणि नाही काय.

"माझंही होऊन गेलं होतं," आंटी म्हणाल्या. "तरी मी कॅनबेराला गेले. उगाच नाही गेले. माझ्यासारखी कोणीतरी आज फोन लावत असेल ना कुठेतरी."

निहारिका तोवर जमिनीवरून सरकत अंकलच्या बुटांपाशी पोहोचली होती आणि त्यांची नाडी ओढत होती. सिद्धार्थने तिला उचलून त्यांच्या डाव्या हातात दिलं. आंटींनी पर्समधून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि म्हणाल्या, "सांग. पहिल्या दिवसापासून सांग. सिनेटरला पत्र हाताने लिहिलेलं बरं असतं, ते टाकून देत नाहीत."

रुचाने सांगायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं इंग्रजीत, मग मराठीत. काचेच्या पेटीपर्यंत आल्यावर ती थांबली. आंटींनी पेन खाली ठेवलं आणि वाट पाहिली. बोलता न येणाऱ्या माणसाशेजारी वर्षभर बसून ती सवय त्यांना झाली होती.

त्या दुपारी तीन पत्रं झाली. जुलैत पहिला कायदा लागू झाला. बाळांचं विधेयक अजून यादीत आहे. ऑगस्टमध्ये ते समितीपुढे आलं तेव्हा रुचा कॅनबेराला बोलायला गेली. जायच्या आदल्या दिवशी तिने नीरजाला फोन करून विचारलं, तिथे मुलीला घेऊन गेलं तर चालतं का. नीरजा म्हणाली, चालतं. मग ती म्हणाली, की पण मी बोलत असताना तिला धरणार कोण, आणि नीरजा उत्तर देण्याआधीच तिनेच सांगितलं, की जर्ट्रूड आंटी येतायत, अंकलनाही आणतायत, आणि गाडीत चौघांचीच जागा आहे तेव्हा तू तुझी ट्रेनने ये.