लाल लोकरीचा ग्लास

बारकू सहा फुटी झाला, त्याला दाढी आली, त्याचं लग्न झालं, तरी नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नाही. तो ताईपेक्षा बराच धाकटा. तिने त्याला कडेवर घेऊन घरभर हिंडवलेलं होतं. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठे माणसं अडकली की कंपनीतून फोन यायचा आणि हा हत्यारांची पिशवी घेऊन निघायचा. दाराच्या फटीला तोंड लावून आधी आतल्यांशी गप्पा मारायचा, "काही नाही हो, आलोच मी. तोवर सांगा, आज डब्यात काय होतं?" आणि बोलता बोलता हात चालू. कामाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

बिअरचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका वाढदिवसाला. मित्रांनी वेगवेगळ्या बाटल्यांचा एक खोका दिला होता. तोवर बिअर म्हणजे गार आणि पिवळी, एवढंच त्याला ठाऊक. त्या खोक्यात गव्हाची गढूळशी होती, कडसर पेल एल होती, तोंड वाकडं करायला लावणारी आंबट होती आणि एक काळी कुळकुळीत स्टाऊट. स्टाऊटचा घोट घेऊन तो कधी नव्हे तो गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, हिला भाजलेल्या कॉफीची चव आहे गं. पिठापाण्यातून हे निघतं कसं?"

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ताईच्या घरी बैठक बसायला लागली. तो दोन-तीन जातींच्या बाटल्या आणायचा, चार ग्लासांत बोटभर ओतायचा आणि प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. ताईचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते.

"साडेसहा," ते म्हणायचे.

"भावोजी, अर्धा कशाला कापला?"

"पायऱ्या दाखवल्या नाहीत."

बारकूची बायको दातांच्या दवाखान्यात कामाला होती. ती नुसते ओठ ओले करायची आणि सगळ्यांना सात द्यायची, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. बारकू मात्र डोळे मिटून, ग्लास नाकाशी धरून बसायचा. ताईला ते बघायला आवडायचं. लहानपणी तो औषधसुद्धा असाच आधी हुंगून बघायचा.

मग त्याने घरी बिअर करायला घेतली. न्हाणीघरात मोठं पातेलं आलं, झाकणाला नळी लावलेली प्लॅस्टिकची पिंपं आली, भाजलेल्या जवाची पोती आली. बायको बिचारी पिंपं सरकवून आंघोळ करू लागली. पहिली बाटली उघडली त्या रविवारी त्याने बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून आणली होती. चौघांनी घोट घेतला. ताईला वाटलं, पावसात भिजलेला पुठ्ठा कुणी तोंडात धरायला दिलाय. मागून एक आंबूस झाक होती ती वेगळीच.

"कशी आहे?" बारकूने विचारलं. त्याचा चेहरा असा झाला होता की त्यावर पाय देणं कुणालाच जमलं नसतं.

"छान आहे रे," ताई म्हणाली. यजमानांनी सात दिले. गणिताचे मास्तर पहिल्यांदाच खोटं बोलायला शिकले.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. समोरच्या पाटीवरची अक्षरं न दिसताही ठोकून देणारी माणसं तिला रोज भेटायची. त्यांना ती बजावायची, "दिसत नसेल तर नाही म्हणा. इथे कुणी नापास करत नाही. चुकीचा नंबर लागला तर डोकं तुमचंच दुखेल." आणि घरी मात्र दर खेपेला "छान आहे रे." एकदा खोटं बोलल्यावर पुढच्या वेळी खरं बोलायला तोंड कुठून आणायचं? बारकूही ती बिअर फ्रिजमधून काढून दात शिवशिवतील इतकी गार प्यायचा. इतक्या गार घोटात जिभेला खोट कळत नाही. त्यालाही ती छानच लागायची.

हे असंच चाललं असतं, पण एके दिवशी भावजयीचा दुकानात फोन आला. ती कधी कामाच्या वेळी फोन करायची नाही.

"ताई, हे नोकरी सोडायचं म्हणताहेत. मित्राबरोबर गाळा बघितलाय. स्वतःची बिअर करून तिथे विकायची म्हणे."

"ती बिअर?"

"म्हणजे तुम्हालाही..." भावजय म्हणाली. मग भडाभडा बोलली. "मी कशी सांगू? मी काही म्हटलं की म्हणतात, तुला चव कळत नाही, तू सगळ्यांना सातच देतेस. तुमचं ऐकतील. तुम्ही काहीतरी करा हो."

ताईने बराच विचार केला. तोंडावर सांगायचा धीर होत नव्हता, आणि सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, मग इतके दिवस काय म्हणत होतीस? शेवटी तिला एक सुचलं. बाटल्या झाकून ठेवायच्या, कोणती कुठली ते कुणालाच कळू द्यायचं नाही आणि गुण द्यायचे. म्हणजे त्याची जीभच त्याला सांगेल. बहिणीच्या तोंडून यायला नको. बारकूला तर ही कल्पना इतकी आवडली की तो उडालाच. "ताई, हेच हवं होतं मला! बाजारातल्या दोन नावाजलेल्या स्टाऊट आण, माझी मध्ये घुसव. बघच तू."

रविवारी ताईने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. बाटल्या आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवल्या होत्या. हलक्या रंगाच्या तीन बिअर सुरुवातीला द्यायच्या होत्या, जीभ तयार व्हायला. काळ्या तीन शेवटी. विणकामाच्या पिशवीतली लोकर काढून तिने काळ्या बाटल्यांच्या गळ्यात तुकडे बांधले, एकीला लाल, एकीला निळा, एकीला हिरवा, आणि तेच रंग ग्लासांच्या दांड्यांना. लाल बारकूची. एकदा मनात आलं, काढून टाकावेत हे धागे, सगळं एकत्र ओतून मोकळं व्हावं. पण बाहेर भावजय येऊन बसली होती.

हलक्या बिअर मजेत पार पडल्या. बारकू रंगात आला होता. यजमानांनी पिवळ्या लागरला साडेपाच दिले तेव्हा तो म्हणाला, "भावोजी, तुमच्या हातून सुटली म्हणजे ती पोरगी बोर्डात येणार." मग काळे ग्लास आले.

बारकूने निळा ग्लास उचलला. हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा हसत होता.

"नऊ," तो म्हणाला. "ही माझी. भाजल्याचा वास बघा कसा येतोय. घशाखाली उतरताना कुठे टोचत नाही." त्याने बायकोकडे बघितलं. "पटतंय का आता?"

निळी ही बाजारातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची होती. कारखान्यात टाक्यांवर टाक्या भरून करतात, त्यात जीव नसतो, असं म्हणून बारकू ती घरातही येऊ देत नसे. ताईने पुढचा ग्लास सरकवला. हिरव्या ग्लासाला त्याने सात दिले.

मग लाल. त्याने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. पुन्हा हुंगला. "ई! हे काय गं आणलंस? ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. दोन. तेही भावोजींसारखा कडक नाही म्हणून." मग तो ग्लास खाली ठेवत जरा हळव्या आवाजात म्हणाला, "ज्याने कुणी केली असेल ना, त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे. आपल्याच माणसांनी सांगायला पाहिजे खरं तर."

यजमान टेबलाच्या कडेवर बोट फिरवत बसले. भावजय ताईकडे बघत होती. निळी तुझीच, असं म्हणून टाकायला एक शब्द पुरला असता. तो आनंदाने घरी गेला असता आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यावर सही करून मोकळा झाला असता.

"बारकू," ती म्हणाली. "लाल तुझी आहे."

तो हसला. "मस्करी नको."

"नाही रे."

तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. बाहेर तिघं तशीच बसून राहिली. आत बाटली उचलल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला, पुन्हा उचलल्याचा आला. लाल धाग्याची, लेबल नसलेली बाटली घेऊन तो बाहेर आला आणि उभ्या उभ्याच तोंडाला लावली. दोन घोट. मग खुर्चीत बसला. एवढा उंच माणूस, पण बसल्यावर अंगातली हवा गेल्यासारखा दिसला.

"कधीपासून अशी लागतेय?"

भावजयीने मान खाली घातली.

"पहिल्यापासून?"

"अरे, शिकतोयस तू अजून," यजमान म्हणाले. "घाईच काय आहे? नोकरी आहे, ती सांभाळून रविवारचं..."

"शुक्रवारी राजीनामा दिला मी," बारकू म्हणाला. "साहेबांनी त्याच दिवशी माझ्या जागी माणूस नेमला. आज निकाल लागला की सांगणार होतो. पार्टी द्यायची होती मला."

भावजयीला हे ठाऊक नव्हतं. तिने मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, मग उठून रिकामे ग्लास एकात एक घालायला लागली. ते ग्लास एकात एक बसणारे नव्हते. तरी ती घालत राहिली, शेवटी ताईने तिच्या हातातून काढून घेतले.

पुढच्या आठवड्यात ताई बारकूच्या साहेबांना भेटून आली. साहेब सज्जन होते, चहा पाजला, बारकूचं तोंड भरून कौतुक केलं. म्हणाले, "आता नेमलेल्या माणसाला कसं काढू, तुम्हीच सांगा." तिला काय सांगता येणार होतं? गाळ्याचं बारकूने स्वतःच रद्द केलं. मित्र रागावला. दुसऱ्या एका लिफ्ट कंपनीने अर्ज घेतला आणि कळवतो म्हणून सांगितलं. रविवारची बैठक बंद पडली. यजमान एखाद्या रविवारी दुपारी उगाच बाहेरच्या खोलीत येऊन बसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि परत आत जायचे.

एका सुट्टीच्या दिवशी ताई न सांगता त्याच्याकडे गेली. तिला वाटलं होतं, त्याने पिंपं फेकून दिली असतील. पण न्हाणीघर तसंच भरलेलं होतं, उलट आता सगळं लखलखीत होतं. नळ्या उकळून वाळत घातल्या होत्या, बाटल्या उलट्या टांगल्या होत्या. दाढी वाढलेला बारकू स्टुलावर बसून पातेल्यात बाटल्या रिकाम्या करत होता. काळ्या फेसाने पातेलं गळ्यापर्यंत भरलं होतं.

"हे काय करतोस?"

"ओततोय. खराब झालीय ही पण."

"कुणी सांगितलं?"

"मला कळत नाही, ताई." त्याने बाटली खाली ठेवली. "घोट घेतला की वाटतं चांगली आहे. मग वाटतं, तेव्हाही चांगलीच वाटायची की. मग पुन्हा घेतो, तर पुठ्ठ्याचा वास येतो. मग वाटतं, मीच आणतोय तो वास. काल चहा प्यायलो तर तोही कळेना. गोड आहे का नाही, हे हिला विचारलं."

ताईने स्वयंपाकघरातून कप आणला, त्याने खाली ठेवलेल्या बाटलीतली बिअर त्यात ओतली आणि प्यायली. तिने जिभेवर घोळवली. पुठ्ठा नव्हता. आंबूसपणा नव्हता. भाजलेल्या जवाची ऊब होती, थोडा कडूपणा, आणि शेवटी गुळाच्या पाकासारखं काहीतरी रेंगाळत होतं. तिने दुसरा घोट घेतला, खात्री करायला.

"बारकू, चांगली झालीय रे. खरंच चांगली झालीय."

त्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी इंजेक्शन दुखणार नाही असं ती सांगायची तेव्हा तो असाच बघायचा.

"किती?"

"आठ. शपथेवर सांगते, आठ."

"हो," तो म्हणाला आणि पुढच्या बाटलीचं झाकण उघडलं.

"अरे ऐक तरी. माझ्यावर नको विसंबूस, भावोजींना बोलवू. बाहेरच्या कुणाला देऊ, ओळखीपाळखीचा नसलेला..."

"ताई, तू चिडू नकोस. तू वाईट नाहीस. कुणीच वाईट नाही." तो बाटली तिरकी धरत होता. "मला फक्त आता ऐकूच येत नाही, कुणी चांगलं म्हटलं की."

तिने त्याचं मनगट धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही, पण हातही थांबवला नाही. तिच्या बोटांसकट त्याचा हात वाकला आणि बाटली रिकामी होत राहिली. तिला ओरडावंसं वाटलं, दोन लगावून द्याव्याशा वाटल्या, मांडीवर घ्यावंसं वाटलं. यातलं काहीच आता करता येण्यासारखं नव्हतं. ती त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर बसली.

शेवटची बाटली संपल्यावर बारकूने पातेलं मोरीच्या तोंडाशी ओढून कलतं केलं. सगळं वाहून जायला बराच वेळ लागला. मग तो उठला, "जरा पडतो गं," म्हणाला आणि आत गेला.

भावजय दवाखान्यातून आली तेव्हा ताई तिथेच होती. भावजयीने दारातूनच न्हाणीघर बघितलं, काही विचारलं नाही, चपला काढल्या, साडी खोचली आणि आत आली. दोघींनी मिळून ते जड पातेलं उचलून नळाखाली आणलं. एकीने धरलं, दुसरीने घासायला घेतलं.