जंक्शन सोड्याची लाल रेघ

मी एक जुनी गोटीची बाटली आहे, मित्रांनो. जाड हिरवट काच, अंगात वजन आणि गळ्यात गोटी. हल्लीची पोरं मला बघून "हे काय गं आई?" असं विचारतात आणि आईही "काय की बाई" म्हणते, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. अहो, एके काळी पूर्णा स्टेशनावर उतरलेला माणूस आधी मला शोधायचा आणि मग घरची वाट धरायचा!

भुश्यात गुंडाळून, लाकडी पेटीतून, मालगाडीनं मी पूर्णेला आले ती सिद्रामप्पांच्या सोड्याच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची एक खोली, गॅसची टाकी आणि हातानं फिरवायचं यंत्र. त्या यंत्रात आम्हाला अडकवून गरागरा फिरवायचे. डोकं भणभणायचं. पोटात गॅस भरला की गोटी वर येऊन तोंडाशी घट्ट बसायची. मग गिऱ्हाईक बाटली फोडायचं, म्हणजे अंगठ्यानं गोटी आत ढकलायचं, आणि फटाक्! त्या आवाजासाठीच तर आमचा जन्म. रिकामं व्हायचं, धुऊन घ्यायचं, पुन्हा भरून घ्यायचं. यात मला कधी कंटाळा आला नाही.

कारखान्यामागच्या मैदानावर रेल्वेवाल्यांची अन् आसपासची पोरं फुटबॉल खेळायची. त्यांनी क्लबाचं नावच जंक्शन ठेवलं होतं. कॅप्टन होता सिद्रामप्पांचा मुलगा गुरुपाद. गोलकीपर होता सिताराम, बौद्धवाड्यातल्या सरजाबाईंचा मुलगा. काय उडी मारायचा पोरगा! गुडघे सोलून निघायचे, पण बॉल सुटायचा नाही. एकदा महाशिवरात्रीच्या दिवशी तो आईनं केलेला कवठाचा पाक डब्यात घेऊन आला. गुरुपादच्या आईनं, चन्नबसम्मांनी, बोट बुडवून चाखला आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, हे सोड्यात घालून बघा की!"

झालं, सगळा क्लब कारखान्यात घुसला. पहिल्या खेपेला पाक इतका दाट झाला की गोटीच चिकटून बसली. दुसऱ्या खेपेला गूळ कमी पडला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. मग सरजाबाई स्वतः आल्या. त्यांनी पाक फडक्यातून गाळला, त्यात जिरं आणि काळं मीठ टाकलं. मी त्याच घाण्यात भरली गेले. सितारामनं मला फोडलं, एक घोट घेतला आणि नुसता हसत सुटला.

"लय भारी झालंय, काका!"

"मग ह्यो तुमच्या क्लबाचाच सोडा," सिद्रामप्पा म्हणाले. "जंक्शन सोडा."

तेव्हापासून क्लबात एक रीत पडली. सामना जिंकला की पहिली बाटली गोलकीपरनं फोडायची आणि तीच सगळ्यांच्या तोंडातून फिरायची. कुणाचं उष्टं कोण पितंय, हे कोण बघतो? त्या फेरीत मी कितीदा फिरले! घामेजलेले हात, धुळीनं माखलेले ओठ, वरून दंगा. मित्रांनो, तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत वस्त्या जळाल्या. आमच्या मैदानावर कुणी आग लावली नाही, पण बाजारात कुजबुज सुरू झाली. स्टँडवरचा हॉटेलवाला आला आणि गल्ल्यापाशी वाकून म्हणाला, "अप्पा, त्या सोड्यातला पाक कुणाच्या घरचा हाय? अन् तिकडं गेलेल्या बाटल्या आमच्याच पेटीत येतेत म्हणं?"

सिद्रामप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता. त्यांना वाटलं, दोन्हीकडं सांभाळून घेऊ. त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि काही बाटल्यांच्या गळ्याभोवती रेघ ओढली. रेघेच्या बाटल्या बौद्धवाड्याकडं जाणार, बिनरेघेच्या बाजारात. ब्रश माझ्या गळ्यावरूनही फिरला. थंडगार लागला.

चन्नबसम्मा दारातून बघत होत्या. "गळ्यात लिंग कशाला बांधलंय मग?" त्या म्हणाल्या. "लिंगायतानं भेद पाळायचा तर काढून ठेवा की खुंटीला."

"तुला धंद्यातलं काय कळतंय?" सिद्रामप्पा वर न बघताच म्हणाले.

दसऱ्याला नांदेडच्या संघाशी सामना होता. शेवटी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली आणि सितारामनं ती अडवली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी पेटीत बसून वाट बघत होते. आज मला फोडणार, आज मी फिरणार, म्हणून गोटी नुसती थरथरत होती. पण पेट्या दोन होत्या. सिद्रामप्पांनी मला काढून सितारामच्या हातात दिलं आणि दुसऱ्या पेटीतल्या बाटल्या बाकीच्यांना वाटल्या.

सितारामनं अंगठा गोटीवर ठेवला आणि थांबला. माझा गळा बघितला. मग गुरुपादच्या हातातली बाटली बघितली.

"गुरु, ही रेघ कशाची रे?"

गुरुपादनं मान खाली घातली.

"काका, तुमी तरी सांगा की," सिताराम म्हणाला.

सिद्रामप्पा पेटीतल्या बाटल्या उगाच सारख्या करत बसले. सितारामनं मला गवतावर हळूच उभं केलं. मला आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यानं अंगातली क्लबाची जर्सी काढून माझ्याशेजारी ठेवली आणि तो उघड्या अंगानं घरी गेला. त्यानंतर सरजाबाईंनी पाक दिला नाही. सिताराम मनमाडला रेल्वेत लागला. जंक्शन सोडा बंद पडला आणि गोलकीपर मिळेना म्हणून क्लबही मोडला.

सिद्रामप्पांनी मला मैदानावरून उचलून आणलं आणि गल्ल्यावरच्या फळीवर ठेवलं. कुणी हात लावला की खेकसायचे, "ती सितारामची हाय. त्यो येईल अन् त्याच्या हातानं फोडील." अहो, तो येईल कशाला? जायचं तुम्ही होतं! पण बाटलीचं कोण ऐकतो? मी मात्र वाट बघितली. पोटातला गॅस जिवाच्या करारानं धरून ठेवला. तरी तो थोडा थोडा निघून गेला आणि एका दुपारी गोटी आपोआप खाली घसरली. आवाजसुद्धा झाला नाही. सिद्रामप्पांना दिसलं नाही. त्यांची नजर तोवर अधू झाली होती.

पुढं कितीतरी वर्षांनी, चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. बौद्धवाड्यात हलगी वाजत होती. सिताराम सुट्टी घेऊन आईकडं आलाय, असं कळलं. सिद्रामप्पांनी मला सदऱ्याखाली धरलं आणि काठी टेकत टेकत ते पहिल्यांदा त्या वस्तीत गेले.

सितारामचे केस कानापाशी पांढरे झाले होते. "या काका, बसा," तो म्हणाला. सरजाबाईंनी पाणी दिलं. सिद्रामप्पा ते घटाघटा प्याले आणि त्यांनी मला पुढं केलं.

"चुकलं रे माझं. तुझ्यासाठीच ठिवली होती. फोड बाबा."

सितारामनं मला घेतलं. अंगठा माझ्या तोंडात घातला, पण दाबायला गोटीच नव्हती. त्यानं मला हलवून बघितलं. काही फसफसलं नाही. मला इतकी लाज वाटली, मित्रांनो, की तिथंच तडकून जावं असं वाटलं.

"काका, ह्यातला दम कव्हाच गेलाय," तो हळू आवाजात म्हणाला.

सिद्रामप्पांनी मला चाचपून बघितलं आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. सरजाबाई त्यांच्याजवळ बसल्या, पण त्यांनी अप्पांचे डोळे पुसले नाहीत. "अप्पा, रेघ वडली त्याचं तर लागलंच," त्या म्हणाल्या. "पर माझं लेकरू उघडं घरी आलं अन् रातभर दाराकडं बघत बसलं. तव्हा का आला न्हाईत?"

सिद्रामप्पांनी काठी उचलली. ते मला तिथंच ठेवून गेले. सरजाबाईंनी मला ओतून दिलं, धुतलं आणि खिडकीत ठेवलं. आता त्याही नाहीत.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात असते तर. काच जपा, खेळ जपा, पण माणसाचं मन दुखावलं तर त्याच दिवशी त्याच्या दारात जा. सिद्रामप्पा दसऱ्याला नुसते उठून त्याच्या मागे धावले असते, तर सितारामनं मला तिथंच फोडलं असतं. मी सगळ्यांच्या तोंडातून फिरले असते, रिकामी होऊन पेटीत गेले असते आणि आज तुम्हाला सांगायला माझ्यापाशी काहीच नसतं. तेच बरं झालं असतं.